सगळं ओके असलेला फॉर्म

मुलांच्या सांधेदुखीची एक इंग्रजी प्रश्नावली आम्ही मराठीत आणली. आम्ही म्हणजे भोसरीच्या एका दवाखान्यातली मी, फिजिओथेरपिस्ट, आणि आमच्या डॉक्टर मॅडम. फॉर्म चार पानांचा, पण त्याच्यामागे साठलेल्या किश्शांनी वही भरेल. मागच्या महिन्यात तो एकदाचा पक्का झाला आणि मी सुटले. आता सांगायला हरकत नाही.

*

पहिलाच अडथळा बाथटबचा. मुलाला त्यात चढता-उतरता येतं का, असा प्रश्न. आमच्या पेशंटांनी बाथटब पाहिला असेल तर तो सिनेमात! आम्ही लिहिलं, 'पाटावर बसून अंघोळ करता येते का?'

दिघीच्या एका ताईंनी झटकन 'काहीच त्रास नाही'वर खूण केली. मुलाचे दोन्ही गुडघे तर सुजलेले.

"ताई, खरंच?"

"अहो, अंघोळ मीच घालते. त्याला कशाला त्रास होऊ देईन?"

मॅडमनी त्याच दिवशी प्रश्नात 'स्वतःच्या हाताने' घातलं.

*

दुखणं मोजायला फॉर्मवर दहा सेंटिमीटरची रेघ असते. एका टोकाला 'अजिबात नाही', दुसऱ्या टोकाला 'खूप जास्त'. चाकणजवळच्या एका आजोबांनी नातवासाठी पेन हातात घेतलं आणि रेघ वाढवत थेट कागदाच्या कडेपर्यंत नेली.

"आजोबा, रेघेच्या आत खूण करायची."

"व्हय, पण पोराचं दुखणं तुमच्या रेघंला इचारून येतं का?"

मॅडमनी गुपचूप पट्टी लावली. साडेतेरा भरलं.

*

महाळुंग्याचा संतोष कंपनीत क्वालिटी तपासणीला आहे. त्याची आठ वर्षांची सई आमची पेशंट. तिचं गोळ्यांवर भागतंय की इंजेक्शन सुरू करायचं, हे मॅडम ठरवणार होत्या, आणि त्यासाठी फॉर्म नीट भरलेला हवा होता. संतोषनं तो दोन मिनिटांत परत दिला. वरपासून खालपर्यंत सगळं ओके.

"वाचलात का, भाऊ?" मी विचारलं.

"सवय झालीय, ताई. शिफ्टला चेकशीट असंच भरतो. एक जरी 'नॉट ओके' पडलं की लाइन थांबते, मग साहेब येतात."

"इथं थांबायलाच हवी. त्याशिवाय औषध कसं बदलणार?"

मी दिलेल्या दुसऱ्या, कोऱ्या फॉर्मला त्यानं अर्धा तास घेतला. प्रत्येक प्रश्न सईला विचारत होता. शर्टाच्या बटणांपाशी आल्यावर ती म्हणाली, "नाही लागत. सकाळी बोटं वळतच नाहीत."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमची शिफ्ट असते ना, पप्पा."

मला तिथं उभं राहवेना, मी आत गेले. इंजेक्शन त्याच आठवड्यात सुरू झालं.

*

तीन महिन्यांनी दोघं पुन्हा आले. इंजेक्शनचा उपयोग होतोय की नाही, हे आता कळणार होतं. मलाच धाकधूक. फॉर्म घेऊन बाहेर आले, तर संतोष पहिली शिफ्ट संपवून तसाच आलेला, पायात कंपनीचे सेफ्टी शूज. एका बुटाची लेस सुटली होती. सई त्याच्यापुढे उकिडवी बसून ती बांधत होती. जरा वेळ लागला, पण दोन्ही हातांच्या बोटांनी तिनं गाठ पक्की मारली. माझ्या मनावरचं ओझंच उतरलं.

"झालं, पप्पा," म्हणत ती उठायला लागली.

"थांब," संतोष म्हणाला. त्यानं वाकून दुसऱ्या बुटाची घट्ट बांधलेली लेस सोडली आणि तो पाय पुढे केला.