रोकोम्हातारा तळघरात जायला नाही म्हणतो

चेक पाहुण्यांचं जहाज दुपारी लागणार होतं आणि रोकोम्हातारा अजून पलंगावरच होता.

दोब्रिला धुतलेल्या चादरी कडेवर घेऊन दारात उभी राहिली. "बाबा, उठा आता. खाली गादी घातलीय तुमची. रेडिओही नेऊन ठेवलाय."

"मग तूच जाऊन ऐक."

स्प्लिट या बंदराच्या शहरातल्या वरोश भागात उन्हाळा लागला की घरं उलटी होतात. समुद्राकडे तोंड असलेल्या वरच्या खोल्या पाहुण्यांच्या, आणि घरची माणसं तळघरात. एरवी तिथे वाइनची पिंपं, बटाटे आणि फाटकी जाळी असतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पोरं तिथेच गोवरातून उठली, तिथेच अभ्यास करून पास झाली. नगरपालिका दरवर्षी या दगडी घरांची चित्रं छापते. खिडकीत जिरेनियम, दोरीवर कपडे, पायरीवर मांजर. माणूस तेवढा कुठे दिसत नाही. दिसणार कसा, तो जमिनीखाली असतो.

रोको बंदरावरचा जुना हमाल. खोके उचलून उचलून गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. बायको गेल्यापासून तो आणि साठीला आलेली ही बिनलग्नाची लेक, एवढंच घर. आजवर दर उन्हाळ्यात तो उशी काखोटीला मारून मुकाट खाली उतरायचा. यंदा अडला.

"जुगो सुटलाय," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. जुगो म्हणजे दक्षिणेचा ओला वारा. तो वाहायला लागला की डोकी जड होतात, शेजारी शेजाऱ्याशी भांडतो, आणि शहाणा माणूस कुठलाही निर्णय पुढे ढकलतो. "जुगोत काही ठरवू नये. वारा फिरला की बोलू."

"पाहुणे वारा विचारून निघत नाहीत बाबा. ब्रनोहून निघालेत ते."

"तर मग त्यांना सांग, खोलीत माणूस राहतो."

"हिवाळ्यात चुलीत काय घालणार आहात? माणूस?"

म्हाताऱ्याने चादरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "गेल्या उन्हाळ्यात खाली मला दिवस कळायचा नाही, पोरी. झरोक्यातून नुसते पाय दिसायचे. पायांत चपला दिसल्या की समजायचं, सकाळ झाली, लोक समुद्रावर निघाले. ओल्या चपला दिसल्या की संध्याकाळ. मी काय उंदीर आहे?"

दोब्रिला चिडली. "माझी हौस आहे का ही?" म्हणत तिने चादरी खुर्चीवर आपटल्या. तेवढ्यात फोन वाजला.

चेक माणूस होता, राडेक नावाचा. जहाज लवकर लागलं होतं आणि तो बायकोसकट हरवला होता.

"कुठे आहात तुम्ही?"

"राजवाड्यात."

"अहो, त्या रोमन राजवाड्यातच निम्मं जुनं शहर आहे. काय दिसतंय समोर?"

"भिंत. आणि एक मांजर."

दोब्रिलाने कपाळाला हात लावला. आठवड्यापूर्वीच तिने त्याला सगळं सविस्तर कळवलं होतं. बंदरातून बाहेर पडलात की समुद्र डाव्या हाताला ठेवून सरळ चालत या, राजवाड्यात शिरू नका. टॅक्सी करू नका, ती पायऱ्यांच्या तोंडाशी सोडून पळते. चाकांची बॅग आणू नका, आमच्याकडे रस्ता नाही, पायऱ्याच आहेत. नळाचं पाणी प्या, बाटल्यांवर पैसे घालवू नका. बसचं तिकीट टपरीवर घ्या, ड्रायव्हरकडे महाग पडतं. पाण्यात रबरी चपला घालूनच उतरा, खडकांवर काट्यांचे गोळे असतात, एक रुतला की सुट्टी संपली. आणि दुपारी जेवणानंतर गल्लीत मोठ्याने बोलू नका, लोक झोपतात. इतकं सगळं कळवलं होतं. वाचलं कुणी? कुणी नाही. कधीच कुणी वाचत नाही. खोलीचे फोटो मात्र वीस वेळा मोठे करून बघतात.

"तिथेच थांबा. मांजर हललं तरी तुम्ही हलू नका," असं बजावून ती निघाली. जाताना दारातून म्हणाली, "मी येईपर्यंत उठा बाबा. हात जोडते."

समोरच्या खिडकीतून पेरिना हे सगळं ऐकत होती. तिच्याही खोल्या भाड्याने द्यायच्या, एक अजून रिकामीच, आणि तिचीही माणसं खाली. इथे बाईला मानाने शोरा म्हणतात. "काय शोरा दोब्रिला, यंदा म्हाताऱ्यासकट देतेस का खोली?"

"तुझ्या नवऱ्यापेक्षा कमी घोरतो तो, शोरा पेरिना."

"मग जास्त भाडं लाव की."

राडेक आणि त्याची बायको मांजरापाशीच सापडली. उन्हाने दोघं भाजलेल्या मिरचीसारखी लाल झाली होती. चाकांच्या दोन बॅगा, वर घरून आणलेल्या तळलेल्या मांसाचा डबा. वाटेत राडेक विचारत होता, खोलीतून समुद्र दिसतो ना, फोटोत दिसतो तसाच? दोब्रिला त्याची एक बॅग ओढत होती, दर पायरीवर ती आपटत होती, आणि हिच्या मनात एकच: उठला असेल का, नसेल तर पाहुण्यांसमोर तमाशा होणार.

ती वर आली. खोली रिकामी होती.

पलंग आवरलेला होता. चादरी त्यानेच घातल्या होत्या, कोपरे बंदरावरच्या ताडपत्रीसारखे घट्ट ओढून. टॉवेल घडी करून पायथ्याशी. खिडकी उघडी होती आणि जुगोमुळे समुद्र शिशासारखा करडा दिसत होता.

"छान," राडेकची बायको म्हणाली आणि पलंगावर बसायला वाकली.

"बसू नका," दोब्रिला म्हणाली.

ती वाकलेलीच थांबली.

"ही खोली द्यायची नाही. चूक माझी. चला माझ्याबरोबर."

पैसे भरलेत, असं राडेक म्हणाला. मिळतील परत, असं ती म्हणाली. तक्रार करीन, असं तो म्हणाला. करा, ती म्हणाली, पण आधी बॅग उचला. आणि ऐन हंगामात, हिवाळ्याचं अर्धं जळण ज्या खोलीतून निघतं त्या खोलीतले पाहुणे तिने स्वतःच्या हाताने पेरिनाच्या दारात नेऊन सोडले. पेरिनाला आनंद लपवता येईना आणि टोमणाही सुचेना.

दोब्रिला तशीच तळघरात उतरली. म्हातारा गादीवर बसला होता, श्वास लागलेला, पुढ्यात रेडिओ बंद.

"चला बाबा, वर."

"आता नाही."

"पाहुणे घालवले मी. पेरिनाकडे."

"गाढव आहेस. ऐन हंगामात?"

"तुमच्यासाठी."

"मग आधी सांगायचंस. उतरायला तासभर लागला मला. भिंत धरून, बसून बसून उतरलो. गुडघे आता वर चढणार नाहीत. सप्टेंबरात बघू."

ती पायरीवर बसली. रडू येईल असं वाटलं, पण राग आधी आला आणि पुरून उरला. ती उठली, थेट चौकात गेली. तिथे रोकोचे बंदरावरचे जुने सोबती लाकडी गोळे फेकण्याच्या खेळात दंग होते. मध्ये उभी राहून तिने गोळा पायाने अडवला.

"माझ्या बापाला खुर्चीत बसवून वर न्यायचंय."

"हा डाव होऊ दे, शोरा," एकजण म्हणाला. "आणि जुगो आहे. आज पाठी धरतात."

"पाठी धरतात? आणि गोळे फेकायला? तुमच्या घरची माणसं सगळी खालीच आहेत ना? तुम्हीही खालूनच आलात ना इथे? निदान एकाला तरी वर नेऊ द्या मला."

मग त्यांच्यातल्या जाड्या फ्रानेने हातातला गोळा खाली टाकला आणि बाही वर सारली. बाकीचे कुरकुरत मागे आले.

खुर्ची अरुंद जिन्यात आडवी झाली, भिंतीला घासली. म्हातारा वरून हुकूम सोडत होता, "डावीकडे. डावीकडे म्हटलं, गाढवांनो. धान्याची पोती अशी न्यायचात म्हणून तर मला मुकादम केलं होतं." फ्राने घामाघूम होऊन म्हणाला, "पोती बोलत नव्हती रे, रोको."

त्याला पलंगावर ठेवलं. चौघांना तिने एकेक पेला वाइन दिली आणि ते डाव मोडल्याबद्दल बोलत निघून गेले.

मग तिने फोन काढला आणि जाहिरातीतून समुद्राची खोली काढून टाकली. उरली मागची, तिची स्वतःची. शनिवारी तीच द्यायची, म्हणजे आजपासूनच रिकामी करायला हवी. पाहुण्यांना अंगणातलं अंजिराचं झाड दिसेल, समुद्र दिसणार नाही, मग भाडंही कमीच.

उशी काखेत घेऊन ती जिन्याकडे निघाली.

"कुठे चाललीस?" म्हाताऱ्याने विचारलं.

"खाली. कुणीतरी जायलाच हवं ना."

त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. जुगो अजून पडला नव्हता.