लोदचे आवळे

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, पॅलेस्टिनी निर्वासितांच्या प्रश्नाला मुळात जबाबदार कोण, याचा निकाल ऐंशीचं दशक संपता संपता एका रविवारी वेम्बलीतल्या चर्चच्या हॉलमध्ये कायमचा लावून टाकण्याचे आमच्या मराठी मंडळाने ठरवले होते. वेळ सहा ते आठ. आठनंतर हॉल बॅडमिंटनवाल्यांचा असल्यामुळे प्रश्न त्याआधी सुटणे आवश्यक होते. मध्ये बटाटेवडे.

विषय मी सुचवला होता. दरवर्षी वादविवादाला ‘परदेशातील मुलांना मराठी शिकवावे काय’ हाच विषय असे, आणि ती मुलं तेवढा वेळ कार पार्कमध्ये इंग्रजीत फुटबॉल खेळत. शिवाय माझ्याकडे दोन तयार वक्ते होते. मी भूल देणारा डॉक्टर. हे दोघंही माझ्याच हॉस्पिटलात, आणि ऑपरेशन थिएटरच्या कॉफी रूममध्ये हा वाद रोज करत.

त्यातल्या एक म्हणजे रिबेका नवगावकर, आमच्या थिएटर सिस्टर. अलिबागकडच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. उंची बेताची, आवाज बेताचा नव्हे. थिएटरमध्ये काही सांडलं की सर्जन मंडळी आधी कोणाचा धक्का लागला याची चौकशी सुरू करत. सिस्टर ती ऐकूनच घेत नसत. “केलं कोणी ते नंतर बघू. पुसणार कोण, ते आधी सांगा.” राणीच्या हातून पदक घेतलेल्या एका सर्जनला मी त्यांच्यासमोर गुडघे टेकून फरशी पुसताना पाहिलंय. पुसून झाल्यावर त्यांनी त्याला कोपराही दाखवला. तो राहिला होता.

मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात सिस्टरांना ‘लोदचे आवळे’ सांगायचा आग्रह होई. ही त्यांच्या घरची गोष्ट. “आमचा हनोखदादा पन्नासच्या सुमाराला इस्रायलला गेला. लोद गावात सरकारने घर दिलं. दगडी, ऐसपैस, रिकामं. वहिनीने माळा झाडायला काढला, तर कोपऱ्यात ही एवढी बरणी. आत हिरवे आवळे, मिठाच्या पाण्यात. वहिनीला रडूच फुटलं, म्हणाली, देवाने आपल्यासाठी आवळे ठेवलेत बघा. मग काय, रोज भाताबरोबर आवळा. दादा म्हणायचा, या देशात आवळ्याची बी लांबट असते.” इथे सिस्टर थांबत, हशा येऊ देत. “ऑलिव्ह होते मेले. आम्ही शनिवार तेली. शनिवारचा घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने ठेवलेलं नाव. पिढ्यान्‌पिढ्या तेल काढलं, आणि ऑलिव्ह ओळखू नये?”

दुसरा वक्ता डॉक्टर नबील, हाडांचा सर्जन. जन्म त्याच लोदचा. त्याच्या लहानपणी गावाला लिद्दा म्हणत. तो आमच्याकडे रुजू झाल्यापासून सिस्टरांनी आवळ्यांची गोष्ट हॉस्पिटलात सांगणं बंद केलं. मंडळात मात्र सांगत. तिथे नबील नसे.

कॉफी रूममधला वाद साधारण असा चाले.

“तुमच्याच पुढाऱ्यांनी सांगितलं, निघा म्हणून. रेडिओवर.”

“आमच्याकडे रेडिओ नव्हता, सिस्टर. दाराशी सैनिक होते.”

“लढाई होती. लढाईत लोक घाबरून पळतात.”

“पळाले ना. काही गावांतून घाबरूनच पळाले. आम्हाला बाहेर काढलं. परत मात्र दोघांनाही येऊ दिलं नाही.”

“आणि तुमच्या फौजा चालून आल्या नसत्या तर?”

“मी नऊ वर्षांचा होतो. मला कोणी विचारलं नाही.”

“साखर एकच चमचा ना?”

“एकच.”

त्याच सुमाराला तिकडचे जुने सरकारी कागद खुले होऊ लागले होते आणि इस्रायलमधले इतिहासकारच आपसात भांडत होते. नबील कात्रणं आणी. सिस्टर ती न वाचता त्यांवर कप ठेवत. मी एकदा म्हटलं, “सिस्टर, वाचा तरी.”

“गद्रे,” त्या म्हणाल्या, “ते लोक आपणहून गेले असतील, तर माझा दादा रिकाम्या घरात राहतोय. घालवले असतील, तर दुसऱ्याच्या घरात राहतोय. दादाला आता दोनदा हार्ट अटॅक येऊन गेलाय. मला काय वाचायला सांगतोस?”

तर तो रविवार. सिस्टर इरकली साडी आणि वर कार्डिगन घालून आल्या आणि फार छान बोलल्या. फौजा, पुढारी, रेडिओ, सगळं आलं. टाळ्या पडल्या. मग नबील उभा राहिला. तो इंग्रजीत बोलणार आणि मी मराठी करून सांगणार, असं ठरलं होतं. त्याने कात्रणं आणलीच नव्हती.

“जुलैचं ऊन होतं,” तो म्हणाला. “आई धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन चालत होती. रडत नव्हती, कोणाला शिव्याही देत नव्हती. एकच विचारत होती. माळ्यावरच्या ऑलिव्हच्या बरणीचं झाकण आपण नीट लावलं का? पुढे अम्मानमध्ये म्हातारी झाली, तरी जेवता जेवता मध्येच विचारायची. मला खरंच आठवत नाही, लावलं होतं का ते. जबाबदार कोण, ते तुमचे अध्यक्ष सांगतील.” आणि तो खाली बसला.

मी मराठी केलं. ‘बरणी’ म्हणताना माझा आवाज थोडा खाली गेला. हॉलमध्ये सगळ्यांना लोदचे आवळे तोंडपाठ होते. कोणाचा वडा हातातच राहिला.

आता हे सांगायला हवं की ती तीच बरणी असण्याचं काही कारण नव्हतं. त्या गावात घरोघरी अशी बरणी असणार. हे मला कळत होतं, सिस्टरांना माझ्याआधी कळलं असणार. शेवटचं उत्तर द्यायचा हक्क त्यांचा होता आणि ‘बरण्या पुष्कळ असतात’ एवढं म्हटलं असतं, तरी त्या जिंकल्या असत्या.

अध्यक्षांनी वेळेअभावी निकाल राखून ठेवला. तो अजून राखलेलाच आहे. कॉफी रूममधला वादही पुढे कित्येक वर्षं चालला, त्याच मुद्द्यांवर, एक चमचा साखरेसकट. फक्त रेडिओ पुन्हा निघाला नाही. आणि लोदचे आवळे मंडळात कोणी पुन्हा सांगायला लावले नाहीत. नव्वदच्या दशकात हनोखदादा गेला, त्याच्यामागून दोन वर्षांनी सिस्टर गेल्या. दफनाच्या वेळी नबील माझ्याशेजारी उभा होता. तो मला म्हणाला, त्या दिवशी स्टेजवर सिस्टर नेमकं काय म्हणाल्या, ते पुन्हा एकदा मराठीतच सांग.

कारण त्या दिवशी त्या मराठीत बोलल्या होत्या. आठ वाजले होते. दार उघडून बॅडमिंटनवाले रॅकेट घेऊन उभे होते. सिस्टर उत्तराला उठल्या, माइकपाशी गेल्या, टिपणं पालथी घातली, आणि माइक सोडून सरळ नबीलकडे बघत, त्याला यातलं एक अक्षर कळत नाही हे पार विसरून म्हणाल्या, “झाकण घट्ट होतं, डॉक्टर. आम्हीच उघडून खाल्ले.”