सहा तास दहा मिनिटं

आमच्या संगणक विभागात दोन प्रयोगशाळा होत्या आणि त्या दोन्हींच्या चाव्या जिच्याकडे असायच्या, तिला सगळे चावीताई म्हणायचे. अकरा वर्षं ती प्रयोगशाळा सहायक होती. सकाळी साडेआठला दारं उघडायची, एकेक मशीन सुरू करून बघायची, कुठला माउस अडकतोय, कुठल्या पंख्यात धूळ साचलीय ते वहीत लिहून ठेवायची. मी विभागाच्या कार्यालयात टायपिस्ट. दुपारचा डबा आम्ही दोघी एकत्रच खायचो.

पदवीला प्रवेश घेण्याची कल्पना सरांची. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. एकदा एका विद्यार्थिनीचा प्रोग्रॅम काही केल्या चालेना. चावीताई शेजारचं मशीन पुसत होती. ती सहज म्हणाली, "अगं, तू मोजायला शून्यापासून सुरुवात केलीस आणि थांबतेयस मात्र एकपासून मोजल्यासारखी." सर दारातच उभे होते. म्हणाले, "चावीताई, तुम्ही रीतसर शिकत का नाही?"

हिला हसूच फुटलं. चाळिशी उलटलेली, घरी मुलगी दहावीला. पण सर हात धुऊन मागे लागले. अर्ज त्यांनीच आणला, कामाच्या वेळात वर्गात बसायची परवानगीही त्यांनीच काढून दिली. तिचा नवरा बसच्या वर्कशॉपमध्ये रंगारी होता. तो म्हणाला, "घरात आता दोन विद्यार्थिनी. म्हणजे कुकर माझ्या गळ्यात!" आणि खरंच त्याने तीन वर्षं कुकर लावला.

सोपं काहीच नव्हतं. तिचे वर्गमित्र तिच्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान. तास चालू असताना कुणीतरी दारातून डोकावायचं, "चावीताई, सत्तावीस नंबर बंद पडलंय," की ही वही मिटून उठणार आणि परत येईपर्यंत फळा पुसलेला असणार. पॉइंटर नावाच्या प्रकरणाने सगळा वर्ग रडकुंडीला आला होता, पण हिला ते एका दिवसात कळलं. मला डबा खाताना सांगायची, "वस्तू हातात नाही गं, वस्तू कुठल्या कपाटात आहे त्याची चिठ्ठी हातात आहे. एवढंच. मी अकरा वर्षं तेच करतेय." गणिताने मात्र तिला पाणी पाजलं. पहिल्या वर्षी एक पेपर राहिला. निकाल बघून ती प्रयोगशाळेत गेली आणि सगळे कीबोर्ड पालथे करून झटकत बसली. मग लेकीनेच तिला शिकवणी दिली. दुसऱ्या खेपेला पेपर सुटला.

शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचा होता. बाकीच्यांनी दुकानाची बिलं नाहीतर ग्रंथालयाची यादी घेतली. चावीताईने स्वतःचं कामच घेतलं. प्रत्येक मशीनवर एक छोटा प्रोग्रॅम. तो दर दहा मिनिटांनी मशीनची तब्येत कळवणार, तापलं तर सांगणार, विद्यार्थ्यांची हजेरी आपोआप घेणार, संध्याकाळी रिकामी मशीन बंद करणार. मार्गदर्शक अर्थातच सर. ते रोज येऊन बघायचे, चुका दाखवायचे, आम्हाला चहा पाजायचे. मनापासून शिकवत होते, यात शंका नाही. एवढं कौतुक तिचं आयुष्यात कुणी केलं नव्हतं.

अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, "यात आकडे हवेत. परीक्षकांना आकडे आवडतात. तुमचं किती काम वाचलं ते मोजा."

तिने पंधरा दिवस मनगटावरच्या घड्याळाने स्वतःचं काम मोजलं. अगोदर हाताने किती वेळ लागायचा, आता किती लागतो. एक मिनिट इकडेतिकडे नाही. मग अहवालात लिहिलं, "या प्रणालीमुळे प्रयोगशाळा सहायकाचं रोजचं सहा तास दहा मिनिटांचं काम वाचतं." आणि लगेच पुढचं वाक्य, "हा वेळ सहायकाला अडलेल्या विद्यार्थ्यांसोबत बसण्यासाठी देता येईल." ते दुसरं वाक्य तिने मला तीनदा वाचून दाखवलं. तिला तेच करायचं होतं.

तोंडी परीक्षेला तीन आठवडे होते. सरांनी मला केबिनमध्ये बोलावून एक टिपण टाइप करायला दिलं. खर्च कमी करायचा म्हणून व्यवस्थापनाने प्रत्येक विभागाला एक पद कमी करायला सांगितलं होतं. आमच्याकडे तशी पदं दोनच, तिचं आणि माझं. टिपणात लिहिलं होतं की विभागात आता स्वयंचलित प्रणाली आहे, सबब सहायकाचं पद अनावश्यक आहे. पुरावा म्हणून तिच्या अहवालातलं वाक्य जसंच्या तसं दिलं होतं. सहा तास दहा मिनिटं. त्याच्यापुढे पूर्णविराम. दुसरं वाक्य नव्हतंच.

वाचून मी वर पाहिलं. सर म्हणाले, "परीक्षा होईपर्यंत त्यांना काही बोलू नका. उगाच मन विचलित होईल." मी मान डोलावली, टाइप केलं, दोन प्रती काढल्या आणि दुपारी तिच्यासमोर बसून डबा खाल्ला. त्या दिवशीच नाही, पुढचे तीन आठवडे. टिपणात माझं पद नाही म्हणून मला हायसं वाटलं होतं, हे आज कबूल करते.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. पाऊण तास त्यांनी तिला उलटसुलट विचारलं आणि शेवटी उभं राहून हात मिळवला. निकालात ती वर्गात तिसरी आली. नवऱ्याने वर्कशॉपमध्ये सगळ्यांना चहा पाजला. सर व्हरांड्यात सगळ्यांसमोर म्हणाले, "ही माझी विद्यार्थिनी!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पाचव्या दिवशी तिच्या हातात पत्र पडलं. एक महिन्यानंतर पद रद्द. सोबत टिपणाची प्रत.

ती वाचतच सरांच्या केबिनमध्ये शिरली. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"सर, हे वाक्य माझं आहे."

"बसा आधी," सर म्हणाले. "हे बघा, तुम्ही आता पदवीधर आहात. किती दिवस माउस पुसणार? उद्या तुम्हीच माझे आभार मानाल."

"पुढचं वाक्य कुठं गेलं?"

सरांनी टेबलावरचे कागद सरकवल्याचा आवाज आला.

"मला आधी विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं, तर तुम्ही खरे आकडे दिले असते?"

मग तिचा शांत आवाज ऐकला. "दिले असते, सर. तुम्हीच तर शिकवलंत, आकडे खोटे लिहायचे नाहीत."

बाहेर येऊन ती माझ्या टेबलापाशी थांबली. टिपणाच्या खाली कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं असतात. तिने त्यावर बोट ठेवलं.

"हे तूच केलंस?"

"हो."

तारीख बघून ती मनातल्या मनात मोजत होती, हे मला दिसत होतं. "आणि रोज माझ्यासोबत जेवत होतीस," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तो महिना ती वेळेवर आली आणि वेळेवर गेली. डबा प्रयोगशाळेत एकटीच खायची. मुलांना कुठून तरी कुणकुण लागली. एक मुलगी चिडून म्हणाली, "ताई, एक ओळ बदला, सगळं बंद पडेल. मग बसतील बोंबलत." चावीताई म्हणाली, "चांगलं चाललंय ते मी कशाला बिघडवू? त्याने माझं काय वाकडं केलंय?" तिने एकच केलं. प्राचार्यांना अर्ज दिला की टिपणात माझं म्हणणं अर्धंच आहे, दुसरं अर्धंही फाइलला लावावं. "नोंद घेतली," असं उत्तर आलं. पद गेलं ते गेलंच. प्रणाली अजून चालते. मशीन बंद पडलं की लगेच कळतं, मुलगा किंवा मुलगी अडली तर मात्र कुणाला कळत नाही.

तिला पाच महिने काम मिळालं नाही. नवी पोरं स्वस्त आणि तरुण. मुलाखतीला गेलं की तिचं वय बघूनच समोरचा खुर्चीत मागे रेलायचा. शेवटी एका मोठ्या रुग्णालयाच्या संगणक विभागात ती लागली. रुग्णांच्या नोंदींचं काम बघते. तिथं तिचा शब्द चालतो म्हणतात. सर अधूनमधून भाषणात तिचं उदाहरण देतात. तिने त्यांचा फोन कधी उचलला नाही.

गेल्या वर्षी आईचा जुना रिपोर्ट हरवला म्हणून मी त्या रुग्णालयात गेले. खिडकीवरच्या माणसाने मला आत पाठवलं. आत तीच होती. केस थोडे पांढरे झालेले, चष्मा नवा.

मी म्हणाले, "ओळखलंस का?"

"बसा ना," ती म्हणाली. "रुग्णाचं नाव आणि वय सांगा."

मी सांगितलं. तिने दोन मिनिटांत रिपोर्ट शोधला, कागद काढून नीट घडी घालून दिला. आईला आता कसं आहे ते विचारलं, पथ्य काय ठेवायचं ते सगळं आस्थेने सांगितलं. माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं, पण ती प्रत्येक वाक्यात मला "तुम्ही" म्हणत होती, आणि त्या "तुम्ही"पुढे मला काही बोलता येईना.