मामांची पाठ

माझ्या वहिनीच्या मामांची पाठ अख्ख्या अमरावतीत कोणी पाहिलेली नव्हती. मी पत्रकं लिहिते, त्यामुळे वाढवून सांगत असेन असं वाटेल, पण हे खरं आहे. दर रविवारी सकाळी मामा लोकांना परकोटाच्या, म्हणजे जुन्या दगडी तटाच्या आतलं शहर पायी फिरवून दाखवायचे, आणि सगळा वेळ उलटे चालायचे. तोंड लोकांकडे, पाठ रस्त्याकडे. जवाहर गेटपासून निघायचे ते बोळ, भाजीचे ठेले, आडव्या लावलेल्या मोटारसायकली असं सगळं मान न वळवता पार करत थेट खोलापुरी गेटपर्यंत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा विचारलंच, "मामा, सरळ का नाही चालत?" तर म्हणाले, "जलमभर एसटीत कंडक्टर होतो वं पोरी. अमरावती-अकोला. गाडी पुढं जाये अन् मी पॅसेंजरकडं पाहे. लोकायकडं पाठ केली त मले गाडी रिकामी वाटते."

नोकरी सुटली, पण कंडक्टरकी सुटली नव्हती. तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा सदऱ्याच्या खिशात असायचा. तो एकदा वाजला की मंडळींनी थांबायचं, दोनदा वाजला की निघायचं. मोकळ्या रस्त्यावर पाच-सहाच माणसं असली तरी ओरडायचे, "पुढं सरका, पुढं जागा आहे." आणि माणसं खरंच सरकून, खांद्याला खांदा लावून उभी राहायची. पायी फिरायला येणाऱ्याला ते 'सवारी' म्हणत. मध्येच कोणी घरी निघालं की "अर्ध्यात उतरले" म्हणून हळहळत.

आमचं भांडण इतिहासावरून. परकोटाला मोठ्या वेशींखेरीज माणूस वाकून जाईल अशी लहान दारं आहेत, त्यांना खिडक्या म्हणतात. मामांच्या मते त्यातल्या एका खिडकीत कोण्या सरदाराचा हत्ती अडकला होता. दर रविवारी हा हत्ती थोडा वाढायचा. मला संताप यायचा. आम्ही पोरं-पोरी परकोट वाचवा म्हणून सह्या गोळा करत होतो, एकेका दगडाचा पुरावा शोधत होतो, आणि हा माणूस लोकांसमोर हत्ती फुगवतोय. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "याला पुरावा काय?" मामा शांतपणे म्हणाले, "पुरावा? खिडकी हाये नं समोर. हत्ती तेवढा निघून गेला." सगळे हसले. माझ्या पत्रकाला कधी कोणी एवढं हसलं नाही, की रडलंही नाही.

उलटं चालणाऱ्याला दुसऱ्याचे डोळे लागतात. ते डोळे होते एका हारवाल्या मावशीचे. मूळच्या भातकुलीकडच्या, देवळासमोर हार विकायच्या. रविवारी दुकान सुनेवर टाकून त्या फेरीला यायच्या आणि सगळ्यांत पुढे, मामांच्या अगदी समोर चालायच्या. इतिहासाशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. त्यांचं लक्ष मामांच्या खांद्यापलीकडे. मामा सांगत असायचे, "मंग सरदारानं माहुताले इचारलं," तेवढ्यात मावशी म्हणायच्या, "शेण." मामा एक पाय डावीकडे टाकून, "का हत्ती काहून थांबला." "गाय." पुन्हा एक पाय उजवीकडे, आणि माहुताचं उत्तर. वाक्य कधी तुटलं नाही, मामा कधी पडले नाहीत. मी मावशींना एकदा विचारलं, हत्तीचं खरं वाटतं का तुम्हाला? म्हणाल्या, "मले कुठचा हत्ती दिसते बाई. मी त मामायच्या मांगचं पाहतो."

मग कोरोना आला. रस्ते बंद, परकोटाच्या वेशींना बांबू बांधलेले. मामा घरात एकटे. मुलगी अकोल्याला, तिला येता येईना. आम्ही उत्साही पोरांनी ठरवलं की फेरी मोबाईलवर, व्हिडिओ कॉलनं करायची. मामांना खुर्चीवर बसायला सांगितलं तर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. "कंडक्टर बसला म्हंजे गाडी डेपोत लागली." शेवटी उभे राहून बोलायला लागले आणि रंगात आले. आम्ही सगळे पडद्यावर काळे चौकोन होऊन ऐकत होतो, गडबड नको म्हणून आवाज बंद करून. हत्ती खिडकीपाशी आला, मामा स्वयंपाकघरात उलटे निघाले. मी घाईघाईनं लिहून पाठवलं, 'मामा मागे ड्रम आहे.' त्यांना चष्म्याशिवाय ते वाचता येणार नव्हतं. पाण्याचा ड्रम आडवा झाला, मामाही झाले. उठून ते काळ्या चौकोनांना म्हणाले, "इतके लोक हाये, अन् एकही जन बोलला नाही?"

हारवाल्या मावशींकडे मोबाईल साधा होता, त्यामुळे मोबाईलवरच्या फेरीत त्या नव्हत्या. दुसऱ्या लाटेत त्या गेल्या. वहिनीनं मामांना फोनवर सांगितलं, तर नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

सगळं उघडलं तेव्हा वेशींवर चकचकीत पाट्या लागल्या होत्या. पाटीवर एक चौकोन. त्याच्यापुढे मोबाईल धरला की कोणी बाई अत्यंत शुद्ध मराठीत कानात इतिहास सांगते. हत्ती त्यात नाही. आता ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा तो येतो, कानात बोंडं घालून एकटा उभा राहतो आणि एकटा जातो. शेजारच्याच्या अंगावर सांड आला तरी त्याला पत्ता नसतो. याला म्हणे सुरक्षित अंतर. रोग गेला, अंतर ठेवून घेतलं. मी यावर पत्रक काढलं, 'माणसाच्या जागी चौकोन का?' लोकांनी उलटून पाहिलं आणि विचारलं, यावर चौकोन नाही का?

मामा रविवारी जवाहर गेटला येतच होते. पण आता ते सरळ चालायचे, इतर कोणाहीसारखे, खाली बघत, न बोलता. वहिनी म्हणाली, मामा सुधारले. मी एका रविवारी गेले तर सवारी म्हणून मी एकटीच होते. ते पुढे, मी मागे. तेव्हा मी त्यांची पाठ पहिल्यांदा पाहिली. सदरा पाठीवर विरला होता आणि कॉलर उलटून शिवलेली होती. पाठ इतकी लहान असेल असं मला वाटलं नव्हतं.

खिडकीपाशी आलो तरी ते थांबेनात. मीच म्हटलं, "मामा, हत्ती सांगा नं."

"कोनाले सांगू?"

"मले सांगा."

"तुले त पुरावा लागते."

"खिडकी आहे नं समोर," मी म्हटलं.

ते थांबले. खिशातला चिमटा दोनदा वाजला. मग सावकाश माझ्याकडे वळले, आणि त्यांनी माझ्याकडे न पाहता माझ्या पुढ्यातल्या, मावशींच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मीही सवयीनं दोन पावलं मागेच राहिले होते. मामांनी एक पाऊल मागे टाकलं. चाचपत, लहान मुलासारखं. मग दुसरं. "त एक होता सरदार," आवाज बसका होता, "अन् त्याचा हत्ती..." मला त्यांच्या मागचं दिसलं आणि मी म्हटलं, "मामा, तुमच्या मागे जे गटार उघडं आहे, वारंवार मागणी करूनही ज्याच्यावर झाकण..."

पाय गेला. घोट्यापर्यंत. मी धावत जाऊन हात दिला. ते काठावर बसून चप्पल झटकत म्हणाले, "आधी गटार सांगत जाय वं. जबाबदार कोन, ते मंग."

मी हसले, तेही थोडं हसले. मग उठून पुन्हा माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. रस्ता मोकळा होता. मी परत जाऊन आपल्या नेहमीच्या जागी, दोन पावलं मागे उभी राहिले. मामांनी मान हलवली.

"तेवढ्या दूरून कसं सांगशीन?" ते म्हणाले. आणि मग हळूच, ओरडून नाही, "पुढं सरक, पोरी. पुढं जागा आहे."

मी सरकले.