फळं मुरेपर्यंत

वैशाखातल्या त्या दुपारी फ्रिजचं दार उघडलं की आधी खरबुजाचा वास यायचा, मग संत्र्याच्या सालीचा, आणि त्या दोहोंच्या खालून व्हाइट वाइनचा आंबूस, थंड, काहीसा परका दरवळ. सुनेनं सकाळीच काचेच्या मोठ्या भांड्यात सांग्रिया करून ठेवली होती. फळं संध्याकाळपर्यंत वाइनमध्ये मुरू द्या, सारखं उघडून पाहू नका, असं मला बजावून ती ऑफिसला गेली होती. तरी मी पाहत होतोच. सफरचंदाच्या फोडी काळवंडतील, अननस विरघळून जाईल, अशी काळजी मी स्वतःला सांगत होतो. खरी काळजी माझे भागीदार सुब्बाराव येतील की नाही, ही होती.

अफझलगंजला आमची फळांची आडत. मी रिकाम्या हातांनी मराठवाड्यातून आलेला, ते विजयवाड्याकडच्या कृष्णाकाठचे. धंदा दोघांनी मिळून उभा केला, आणि दर उन्हाळ्यात दोन्ही घरं आमच्या हिमायतनगरच्या गच्चीवर जमायची. त्या वर्षी राज्याची वाटणी ठरली, हे शहर एका राज्यात, त्यांचा कृष्णाकाठ दुसऱ्यात गेला आणि एकाच किटलीतला चहा पिणारी माणसं एकमेकांना इकडचे, तिकडचे म्हणू लागली. सुब्बाराव कायमचे विजयवाड्याला निघाले आहेत, हे मला आमच्या हमालाकडून कळलं. भागीदाराला सगळ्या बाजारानंतर कळावं, हा सल मी उन्हाळाभर उरात जपला आणि त्यांच्यापुढे चकार शब्द काढला नाही. सौद्यात आधी बोलतो तो हरतो, एवढं एकच शास्त्र मी शिकलो आहे. मनातली आग मग भलत्यांवर निघायची. त्या सकाळीच जामबागेच्या मंडईत खरबूजवाल्याशी इतका भांडलो की तो हात जोडून म्हणाला, "शेठ, फुकट घ्या, पण माझा पिच्छा सोडा."

उन्हं कलल्यावर ते आले. वहिनींच्या हातात नेहमीसारखी आवकायची, त्यांच्याकडच्या तिखट कैरीच्या लोणच्याची, बरणी होती. तापलेल्या गच्चीवर सुनेनं पाणी शिंपडलं होतं. ओल्या सिमेंटचा वास, पुदिन्याचा वास, ग्लासांत हिरवी द्राक्षं आणि संत्र्याच्या चकत्या. सुब्बारावांनी घोट घेतला. "फळं सगळी आपल्या आडतीची, अन् नाव विलायती," ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

बायका जिन्याकडे गेल्या, तेव्हा ते कठड्याशी माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता कारणं सांगतील. ती खोडून काढायला माझी उत्तरं तयार होती. ते मात्र खालच्या रस्त्याकडे पाहत हलकेच म्हणाले, "भाऊ, एका पेटी के वास्ते सुबह भर लड़ते आप. मेरे वास्ते एक लफ्ज नहीं लड़े."

ज्या मौनाला मी माझा मान समजत होतो, ते त्यांना निरोपासारखं ऐकू आलं होतं. ग्लास हातात कोमट होत होता, आणि अंधार पडायच्या आधीचा तो करडा उजेड दोघांच्या मध्ये उभा होता.

"मग आता भांडतो," मी म्हणालो.

त्यांनी ग्लास कठड्यावर ठेवला, खुर्ची ओढली आणि माझ्या समोर येऊन बसले.