मुद्देमाल खोलीतले बारा बाक

ती फिर्याद मी स्वतः लिहून घेतली होती, म्हणूनच ती मला सोडत नाही. शहर बससेवेची सर्वांत जुनी बस पूर्वीसारखी दुरुस्त करून चौकात उभी करायची, असं ठरलं होतं. काम आमच्या हद्दीतल्या वर्कशॉपमध्ये सुरू होतं. तिथून तिचे बारा सागवानी बाक चोरीला गेले. फिर्यादी दुरुस्तीचा ठेकेदार.

पंचनामा केला. गेटवरचा कॅमेरा बंद. अशा वेळी तो बंदच असतो. आठवडाभराने भुसावळच्या एका भंगारवाल्याचा फोन आला. "साहेब, एक म्हातारा जुन्या बसच्या बाकांचे पितळी स्क्रू शोधत फिरतोय. विकत काही नाही, घेतोय."

चोर घेत नाही, विकतो. तरी मी माणूस मागावर लावला.

माग एका निवृत्त सुताराच्या घरी पोचला. ही बस बांधणाऱ्यांत ते होते, आणि दुरुस्तीसाठी आता रोजावर परत बोलावले होते. बाहेरच्या खोलीत बाराही बाक बसमधल्याच क्रमाने मांडलेले, प्रत्येकावर खडूने नंबर. बायको वारलेली, घरात दुसरं कुणी नाही. तिसऱ्या बाकावर जेवणाचं ताट होतं.

त्यांना ठाण्यात आणलं. मी आवाज चढवला. तेव्हा मला त्याची हौस होती. शेवटी हवालदाराने चहा दिला, तेव्हा बोलले.

"ठेकेदार बोलना, जुनं लाकूड जाळी टाका, फायबरना बाक बठाडू. मी हातगाडीवर घर लई उनू. नीट करीसन परत देवाना व्हता."

"घरी नेलेत, पण आधी विचारलं का नाही, आबा?"

"कोनले इचारू? जाळनाराले?"

गेटवाला त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होता, त्याने अडवलं नाही. पुढे बससेवेच्या वरिष्ठांनी मूळ बाक मागितले, तेव्हा ठेकेदाराने अंग काढून घ्यायला फिर्याद ठोकली. हे सगळं मला कळलं होतं. तरी आबांना अटक झाली, जामीन झाला आणि बाक सीलबंद होऊन मुद्देमाल खोलीत गेले.

दर सोमवारी आबा अळशीच्या तेलाची बाटली घेऊन यायचे. "साहेब, एक हात तेल लावू द्या. ओलमा सांधा सुटी जातीन."

"सीलला हात लावता येत नाही, आबा."

मग तासभर व्हरांड्यात बसून निघून जायचे. बस फायबरच्या बाकांसकट चौकात उभी राहिली.

दोन पावसाळ्यांनी ते निर्दोष सुटले. मी सील फोडलं. लाकूड फुगलं होतं. मी एका बाकाला हात लावताच त्याची पाठ निखळून हातात आली. आबांनी पिशवीतून बाटली काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत ठेवली. ते मला फार लागलं.

नियम चोख पाळला, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे कोर्टात अर्ज केला असता, तर बाक सुपूर्दनाम्यावर, म्हणजे जपून ठेवायच्या हमीवर, वर्कशॉपला देता आले असते आणि आबांनी तिथे तेल लावलं असतं. बड्या लोकांच्या जप्त गाड्या मी तशाच आठवड्याभरात सोडवून दिल्या होत्या. आबांसाठी अर्धं पान लिहायचा मला कंटाळा आला.

आता निवृत्त होऊन मीही घरात एकटाच असतो. सोमवारी फाटक वाजलं की वाटतं, आबा आले. उठून बघतो, तर दूधवाला असतो.