सोमवारची नखं

सकपाळ बाई माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या हातांकडे बघायच्या. मिरजोळ्याच्या पलीकडच्या आमच्या शाळेत मी बदलून आले, तेव्हा नमस्काराला जोडलेले माझे हात त्यांनी आधी न्याहाळले आणि मग म्हणाल्या, "हात स्वच्छ आहेत. बसा." नाव, गाव, आधीची शाळा, ही चौकशी नंतर. मला वाटलं, बाई जरा विक्षिप्त दिसतात. पुढे बरीच वर्षं एका खोलीत डबा खाल्ला, पण ते मत पूर्ण बदललं असं म्हणवत नाही.

दर सोमवारी प्रार्थना झाली की त्या नखं तपासायच्या. मुलं ओळीत दोन्ही हात पालथे धरून उभी. बाईंच्या गळ्यात दोरीला बांधलेलं नेलकटर. नखात मळ दिसला की ठरलेलं वाक्य यायचं, "आत्ता एवढंसंच आहे ना? मग आत्ताच." मूल कुरकुरायचं, "आयेनं कापलीनच नाय, बाई." त्यावर बाई, "आयेला कशाला मध्ये आणतोस? हात तुझे." आणि कटर शेजारच्या शिक्षकाच्या हातात द्यायच्या. कटर त्यांच्या गळ्यात, कापायचं काम मात्र दुसऱ्याचं. फळ्यावरसुद्धा त्या स्वतः फारसं लिहीत नसत, चौथीच्या मुलांकडून लिहून घेत. मी मनात म्हणायचे, काय थाट आहे!

ओळीच्या शेवटी एखादं धीट कार्टं ओरडायचंच, "बाई, आता तुमची दावा!" बाई हात पुढे करायच्या. नखं गडद डाळिंबी रंगात रंगवलेली. "माझी रंगवलेली आहेत. पास. चला वर्गात." फिकट सुती साडी, गळ्यात काळे मणी, आणि नखं तेवढी नव्या नवरीसारखी. मुख्याध्यापक एकदा म्हणाले, "बाई, कुणाच्या लग्नाला निघालात?" बाई म्हणाल्या, "तुमच्याच. पत्रिका मिळाली नाही?" त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

"आत्ता एवढंसंच आहे ना" हे वाक्य नखांपुरतं नव्हतं. कौल सरकलं, नळ ठिबकायला लागला, एखाद्याला हातच्याची वजाबाकी जमेना, सगळ्याला तेच. आम्ही बाकीचे दमलेले लोक. जनगणना झाली की निवडणूक, निवडणूक झाली की पोषण आहाराची तपासणी. बघू नंतर, हा आमचा मंत्र. बाई आमच्याहून जास्त दमलेल्या दिसायच्या. दुपारी खुर्चीत डोळे मिटून बसायच्या, उठताना टेबलाला धरून उठायच्या. तरी नळवाल्याला फोन त्याच लावायच्या.

एका सोमवारी मला थट्टेची लहर आली. मीही ओळीच्या शेवटी जाऊन हात पालथे धरले. मुलं खिदळली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझं मधलं बोट धरलं, उन्हाकडे वळवलं, मग अंगठा बघितला. नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. मला ते माहीत होते; कॅल्शियम कमी असेल म्हणून सोडून दिलं होतं. बाई हळूच म्हणाल्या, "शाळा सुटल्यावर थांब गो जरा."

शाळा सुटली. वर्गात आम्ही दोघीच. त्यांनी विचारलं, "डोक्यात कोंडा आहे? शाम्पूने न जाणारा?" होता. "कोपर दाखव." कोपरावर चिंचोक्याएवढा लालसर चट्टा होता, वर पांढरा पापुद्रा. मी म्हटलं, "कोरडी त्वचा आहे हो बाई, कोकमाचं मुठेल लावते मी." बाई म्हणाल्या, "मीही लावायचे," आणि पदराखालून हात काढून टेबलावर ठेवले. इतकी वर्षं ते हात माझ्यासमोर होते आणि मी फक्त रंग बघितला होता. बोटं सुजून जाड झालेली, दोन बोटांची टोकं एका बाजूला कललेली. मूठ मिटत नव्हती. मग कटर दुसऱ्याच्या हातात का जायचं आणि फळ्यावर मुलं का लिहायची, ते मला कुणी सांगायची गरज उरली नाही.

त्यांना हे लग्नानंतर सुरू झालं, मंडणगड तालुक्यातल्या सासरी. कोपरावर असाच चट्टा. गजकर्ण म्हणून औषधाच्या दुकानातलं मलम लावलं. लावलं की जाई, थांबवलं की दुप्पट येई. वाडीतल्या बायका म्हणाल्या, मेलेलं कातडं आहे, वजरीने घास. बाईंनी घासलं. जिथे जिथे घासलं तिथे तिथे नवे चट्टे उठले. मग गरम पाण्याच्या कुंडावर नेलं, कारण आपल्याकडे कातडीचं काहीही झालं तरी माणसाला आधी कुंडावरच नेतात. तिथे अंग शेकून बरं वाटायचं, घरी आलं की पुन्हा तेच.

"बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाढायचं काम माझ्याकडे असायचं," बाई सांगत होत्या. "एका वर्षी एका बाईनं माझ्या हातातला डाव काढून घेतलान. रागानं नाही हो, गोड बोलून. 'तू बस, दमली असशील.' आमच्या आजोबांच्या हातचं पाणी गावाला चालत नव्हतं. ते सगळं मागे टाकून आलेली माणसं आम्ही. आणि आपल्याच वाडीत माझ्या हातची खीर चालेना! हे लागट नसतं, कुणाच्या अंगावर जात नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हणून मी हात झाकायला शिकले. डॉक्टरलासुद्धा पुरते दाखवले नाहीत. तोवर सांधे धरले." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग करायलाही अंगात जोर लागतो, तो त्यांच्याकडे उरलेला नव्हता. मला मात्र त्या डाव काढून घेणाऱ्या बाईचा फार राग आला, अजून येतो.

पुढच्याच शनिवारी त्यांनी मला रत्नागिरीत त्यांच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई स्वतः तिथे इंजेक्शन घेत. त्याने सूज थांबली होती, पण वाकलेलं बोट सरळ व्हायचं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी माझं डोकं, कोपर, नखं बघितली. म्हणाल्या, "सोरायसिस आहे, सौम्य आहे. आपली प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच कातडीवर धावून जाते. नुसतं मलम लावून वाट बघता येईल. पण डोकं आणि नखं धरली असली की आम्ही जरा सावध होतो, अशांचे सांधे धरायची शक्यता जास्त. एक गोळी आहे. ती सगळी प्रतिकारशक्ती दाबत नाही, जिथून हा दाह भडकतो तिथेच लगाम घालते." मी विचारलं, "गोळी घेतली तर सांधे वाचतील?" त्या म्हणाल्या, "चट्टे आणि नखं सुधारायची आशा बरीच आहे. सांध्यांबद्दल खात्री देणार नाही. लवकर सुरू केल्याने ते वाचतात का, याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडेच नाही." बाई मधेच म्हणाल्या, "उशीर केल्यावर काय होतं ते मात्र माझ्याकडे आहे." मी गोळी लिहून घेतली.

घरी सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "एवढ्याशा चट्ट्याला गोळ्या? लोक ऐकतील तर हसतील." नवरा कंपनीतून दमून आलेला, तो म्हणाला, तुला वाटतं तसं कर. गोळीने पहिले आठवडे माझी दैना केली. मळमळ, डोकं जड, आणि पोटाचं तर विचारू नका. शाळेत शिक्षकांना एकच संडास, त्याची कडी मोडलेली. मुलं पाढे म्हणत असायची आणि मी दाराला आतून पाय लावून बसलेली. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, बहुतेकांचं हे ओसरतं, थोडं सोसा, नाहीच जमलं तर बदलू. मला सोसायचं नव्हतं. चिंचोक्याएवढ्या चट्ट्यासाठी हे कोण सोसतं? कोपर दुखत नव्हतं, बोटं दुखत नव्हती, दुखत होतं ते औषधानंच. मी बाईंना सांगून टाकलं, "सोडते मी गोळ्या. वाढलं तर बघू."

मला वाटलं, आता ते वाक्य येणार. आलं नाही. बाईंनी गळ्यातलं कटर काढलं, पर्समधून रंग पुसायची बाटली आणि कापूस काढला, सगळं माझ्यापुढे ठेवलं आणि हात पुढे केला.

"काप."

मी रंग पुसला. खालून पिवळी, जाड, भुसभुशीत नखं निघाली. एक नख कडेने बोटापासून सुटलेलं होतं. कटर त्यात शिरेना. मी थोडं थोडं करून कापत राहिले, आणि मधेच त्यांचा हात नकळत मागे जाई, तेव्हा थांबत राहिले. "रविवारी लेक आली की ती कापते," बाई म्हणाल्या. "या खेपेला आली नाही. साडीच्या निऱ्यापण तीच घालून टाचून देते, मग मी त्या आठवडाभर तशाच ठेवते." सबंध शाळेची नखं तपासणारी बाई. मला रडू आवरेना. बाई म्हणाल्या, "रडून हात हलवू नको गो, लागतं." त्या दिवशी घरी जाऊन मी जेवणानंतरची गोळी घेतली.

हळूहळू पोट ठिकाणावर आलं. कोपर निवळलं, डोकं निवळलं. नखांना वेळ लागला. मुळाकडून गुळगुळीत नख येत गेलं आणि खड्ड्यांचा भाग पुढे सरकत सरकत कापला गेला. दर सोमवारी बाई माझाही हात उन्हात धरायच्या. सासूबाई म्हणाल्या, "बघ, आपोआप गेलं असतं." गेलंही असतं कदाचित. जे दुखणं आलंच नाही ते मी त्यांना कुठून दाखवणार? मी वाद घातला नाही. तेवढा जोर माझ्यातही नव्हता.

बाई निवृत्त झाल्या त्या आठवड्यातला सोमवार मला विसरता येत नाही. त्या नेहमीप्रमाणे ओळीवरून गेल्या. शेवटी पहिलीतली एक मुलगी ओरडली, "बाई, आता तुमची दावा!" बाईंनी हात पुढे केले. नखांना रंग नव्हता. ती मुलगी जवळ गेली, एका बोटाला हळूच हात लावून म्हणाली, "बाई, ही अशी कशानं झाली?"

"वेळेवर दाखवली नव्हती गो," बाई म्हणाल्या.

आणि पास वगैरे न म्हणताच वर्गाकडे वळल्या.

आता बाई मंडणगडकडे गावी असतात. नेलकटर माझ्या गळ्यात आहे. सोमवारी ओळ संपली की मी माझे हात मुलांपुढे धरते, बिनरंगाचे. मुलं फार बारकाईने बघतात, उगाच खोड काढायलाही बघतात, आणि मग एकदाची ओरडतात, "पास!" त्यानंतर मधल्या सुट्टीत बाईंचा फोन येतो. तब्येत, शाळा, मुख्याध्यापक, कशाचीच चौकशी नाही.

"काय गो?" त्या विचारतात.

"पास, बाई," मी म्हणते.

"बरं," म्हणून त्या फोन ठेवतात. फार वेळ तो त्यांना हातात धरवत नाही.